दिवेलागणीचे वैराग्य

एकदा एक विणकर टेकाडावरच्या मठात गेला आणि तिथल्या वृद्ध साधुपुरुषाच्या पायांवर डोके ठेवून म्हणाला, "बाबा, मला दीक्षा द्या. संसारातून माझं मन उठलं."

बाबा तेव्हा मेथी निवडत होते. त्यांनी हातातली काडी बाजूला टाकली, विणकराकडे नीट पाहिले आणि पुन्हा मेथीला लागले. दीक्षा मागणारी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. कोणी भाऊबंदकीला कंटाळून येई, कोणी सुनेच्या बोलण्याने, आणि एक गृहस्थ तर निव्वळ दाढदुखीने आले होते. खरे वैराग्य आले की माणूस कोणाला विचारत बसत नाही, असे बाबांचे मत होते.

"कधीपासून उठलं?" त्यांनी विचारले.

"दसऱ्यापासून."

"सकाळी उठल्याउठल्या संसार नकोसा वाटतो?"

"सकाळी न्हाई वाटत."

"दुपारी?"

"दुपारी मागावर असतो, बाबा. पर दिवे लागायच्या वक्ताला घरात थांबवत न्हाई. जीव कुठंतरी निघून जावं म्हणतो."

"दिवेलागणीचं वैराग्य," बाबा म्हणाले. "शास्त्रात हा प्रकार सांगितलेला नाही. उद्या संध्याकाळी बघू काय करता येतं."

या विणकराचे नाव हरबा. गोदावरीच्या काठी विणकरांची एक वस्ती होती, तिच्या टोकाला त्याचे घर होते. वय चाळिशीपलीकडचे. एकुलती लेक नांदायला गेलेली, त्यामुळे घरात तो आणि त्याची बायको सगुणा, अशी दोघेच. भांडण नाही, आजारपण नाही, दोन वेळच्या भाकरीची ददात नाही. अशा माणसाला वैराग्य येते तेव्हा कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पूर्वी हरबा पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या कारखान्यात मागावर बसत असे. नदीपलीकडे पेठ होती. सकाळी नावेने जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. सगुणा घरच्या मागावर साधी लुगडी विणायची. हरबाचा हात कापडाला उत्तम होता. पोत असे उतरे की पाण्यासारखे. पण पदरावरची नक्षी त्याला कधी जमली नाही. त्याने विणलेला राघू थेट कोंबडीसारखा दिसायचा, आणि कारखान्यातले सोबती त्याला दाणे टाकायचे. सगुणेचे तसे नव्हते. तिचे वडील पदर विणणारे. लहानपणी त्यांच्या मागाशेजारी बसून तिने जे पाहिले होते ते तिच्या बोटांत राहून गेले होते. लेकीच्या लग्नात तिने एक पदर आपल्या हाताने विणला. तो व्यापाऱ्याच्या नजरेला पडला. तो हरबाला म्हणाला, "असला पदर विणणारा हात तुझ्या घरात आहे आणि तू मला कोंबड्या विणून देतोस?"

जरीची तार महाग असते. व्यापारी ती कोणाच्या घरी पाठवत नाही, स्वतःच्या नजरेसमोर ठेवतो. म्हणून ठरले असे की, जरीच्या कामासाठी सगुणेने कारखान्यात यावे आणि साधी लुगडी हरबाने घरी विणावीत. दोघांनीही आनंदाने मान डोलावली. सगुणेची मजुरी हरबाच्या दुपटीहून अधिक झाली. पहिल्या मजुरीत तिने हरबासाठी नवा रुमाल आणला, आणि तो डोक्याला बांधून हरबा गावभर फिरला. बायको शहाणी निघाली याचा त्याला खरोखर अभिमान वाटला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण हरबा वाईट माणूस नव्हता. वाईट माणसांच्या गोष्टी सोप्या असतात.

मग एक संध्याकाळ आली. सगुणेला यायला उशीर झाला होता. हरबाचा जीव घाबरा झाला, नाव उलटली की काय अशा शंका यायला लागल्या, म्हणून तो दारात येऊन उभा राहिला. तेवढ्यात भिकोबा कोष्टी दोघातिघांबरोबर रस्त्याने चालला होता. तो म्हणाला, "काय हरबा, दारात उभा? मालकीण यायची हाय वाटतं." बाकीचे हसले. भिकोबाच्या मनात विष नव्हते; त्याच्या जिभेला हाड नव्हते इतकेच. पण हरबाच्या कानशिलांना आग लागली. नेमकी त्याच वेळी सगुणा रस्त्याच्या वळणावर दिसली. हरबाने तिच्याकडे पाहिले, तोंड फिरवले आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी तो माग बंद करून मठात येऊन बसू लागला. इथे त्याच्या मनाची गंमत पाहा. त्याला घर सोडायचे नव्हते. त्याला घरी यायचे होते. दिवसभर जो घरातच असतो त्याला संध्याकाळी घरी येता येत नाही, म्हणून तो आधी बाहेर जाई. मठाच्या कठड्यावर बसले की खाली त्याच्या घराचे पुढचे दार दिसे. तिथल्या दिवळीत पणती लागली, की सगुणा आली असे समजून तो उठे आणि पूर्वीसारखा, कामावरून परतणाऱ्या पुरुषासारखा, टेकाड उतरून घरी जाई.

तो जाई एका शब्दासाठी. पूर्वी तो कारखान्यातून आला की, त्याचा पाय उंबऱ्याच्या आत पडायच्या आधी दारातून सगुणेचा आवाज यायचा, "आलात?" समोर उभ्या असलेल्या माणसाला आलात का म्हणून विचारण्यात अर्थ तो काय? हरबानेही त्या शब्दाकडे कधी लक्ष दिले नव्हते. उत्तर म्हणून तो नुसता हुंकार द्यायचा, कधी तोही नाही. मग तांब्याभर पाणी यायचे, तो पाय धुवायचा, आणि दिवस संपायचा. इतकी वर्षे तो शब्द त्याला फुकट मिळाला होता. आता तो मिळेनासा झाला, आणि हरबा त्यासाठी झुरू लागला.

कारण आता तो घरात शिरे तेव्हा पणती तेवत असे आणि घरात कोणी नसे. थोड्या वेळाने मागल्या दारातून सगुणा येई, कडेवर भरलेली घागर घेऊन. "आलात?" असे ती म्हणत नसे. घागर ठेवायची, चूल पेटवायची, मजुरी गुपचूप देवापुढे हळदीकुंकवाच्या कोयरीखाली सारायची. हरबा त्या कोयरीकडे पाहणेही टाळी. तो मनात म्हणे, ही घरी येते, दिवा लावते, आणि माझी यायची वेळ झाली की मुद्दाम पाण्याला निघून जाते. आता ही कमावती झाली. कमावत्या माणसाने कोणाला आलात का म्हणून का विचारावे? जेवताना दोघे शेजारी बसत, तिच्या हाताला जरीचा बारीक चुरा चमकताना त्याला दिसे, आणि तो हात धरावा असे वाटून तो भाकरीकडे पाहत राही. बायको समोर बसलेली असताना तिची आठवण येणे, याहून दुसरे एकटेपण नाही. यातूनच ते वैराग्य उपजले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरबा मठात आला तेव्हा बाबा काठी घेऊन निघण्याच्या तयारीत होते. "मी जरा खाली जाऊन येतो," ते म्हणाले. "तू तुझ्या जागेवर बस. उठायचं तेव्हा ऊठ."

हरबा कठड्यावर बसला. नदीवर अंधार उतरू लागला, वस्तीत एकेक दिवा लागू लागला. त्याच्या दिवळीतही पणती लागली. तो नेहमीप्रमाणे उठला, आणि तेवढ्यात ती पणती विझली.

वारा नव्हता. हरबा क्षणभर पाहत राहिला. पणती पुन्हा लागेल म्हणून थांबला, ती लागेना. तेल संपले म्हणावे तर आताच तर लावली होती. सगुणा पडली काय? तिला चक्कर आली काय? दिवसभर मागावर वाकून तिची पाठ दुखते, हे त्याला ठाऊक होते. कधी विचारले मात्र नव्हते. संसारातून मन उठलेला तो माणूस वहाणा मठातच टाकून टेकाडावरून धावत सुटला. पायात काटा मोडला तरी थांबला नाही.

घराच्या ओट्यावर बाबा बसले होते. त्यांच्यासमोर दिवळीत पणती होती आणि तिची वात तेलात बुडवलेली होती.

"वैरागी असून बरा पळतोस," बाबा म्हणाले.

"बाबा, दिवा तुम्ही..." तिन्हीसांजेला लागलेला दिवा कोणी मालवत नाही. आणि तोही साधुपुरुषाने? "सगुणा कुठाय? तिला काय झालं?"

"मला काय विचारतोस? घर तुझं आहे. आत जाऊन बघ."

हरबा आत गेला. माजघरात अंधार होता. त्याने चुलीवर हात धरला. ती गार होती. हाक मारली, ओ आली नाही. घागरीची जागा रिकामी होती. कोणी आले आणि गेले, याची एकही खूण त्या घरात नव्हती. सकाळी सगुणेने झाकून ठेवलेले ताक तसेच झाकलेले होते. तो बाहेर आला तेव्हा त्याचे तोंड उतरले होते.

"घरात कुणीच न्हाई. मग दिवा कुणी लावला?"

"मीच की रे लावते," शेजारच्या ओट्यावरून चंद्राक्का म्हणाली. ती म्हातारी मांडीवर कापूस घेऊन वाती वळत होती. "दसऱ्यापासनं रोज मीच लावते. लक्ष्मी यायच्या वक्ताला दार अंधारं ठिवू नये. तुम्ही दोघं संध्याकाळचं कुठं उधळता ते देवाला ठावं. आज या बाबांनी विझवला, त्यांचं ते बघून घेतील."

"रोज?" हरबाने विचारले.

"न्हाई तर काय. तुझ्या घरातलं तेल संपलं तवा माझ्यातलं घातलं."

चंद्राक्काला विचारावे असे कोणाला सुचले नव्हते, आणि आपण होऊन सांगावे इतके त्यात काही आहे असे तिला वाटले नव्हते. हरबा मटकन ओट्यावर बसला. बाबांनी त्याला बसू दिले नाही.

"मागल्या दारी जा. दार उघडू नकोस, फटीतून बघ. आणि बघून झालं की मग बस."

मागल्या दाराच्या फटीतून विहीर दिसत होती. विहिरीवरच्या उंबराखाली दगडावर सगुणा बसली होती. शेजारी भरलेली घागर. मांडीवर कारखान्यातून आणलेले, मजुरी बांधलेले गाठोडे, आणि ते तिने पदराखाली झाकून घेतले होते. ती घराकडे पाहत होती. मध्येच ती अर्धवट उठली, मान उंच करून पाहिले, आणि पुन्हा खाली बसली. मग तिने एक हात मागे नेऊन स्वतःची पाठ दाबली. आजूबाजूच्या घरांतून चुलींचा धूर येत होता, बायका पोरांना हाका मारत होत्या, आणि ही दिवसभर राबलेली बाई आपल्याच घरापासून हाकेच्या अंतरावर परक्यासारखी बसून होती. ती दिवा लागायची वाट पाहत होती. म्हणजे त्याची वाट पाहत होती.

हरबाला ते फार वेळ पाहवले नाही. तो बाबांपाशी आला. "ती तिथं का बसलीय?"

"मठाच्या एका कठड्यावरून तुझं पुढचं दार दिसतं," बाबा म्हणाले, "दुसऱ्या कठड्यावरून विहीर दिसते. तू रोज एकाच कठड्यावर बसतोस. मी म्हातारा माणूस, मला झोप नाही की काम नाही, मी दोन्हीकडे बघतो. परवा विहिरीवर जाऊन तिला विचारलं, बाई, अंधारात का बसतेस? ती म्हणाली, 'बाबा, मला येताना बघून लोक त्यांना हसले. त्यांनी तोंड फिरवलं ते मी बघितलं. पैसे घेऊन पुढल्या दारानं शिरायचा मला धीर होत न्हाई. ते दार त्यांचं. ते घरी येतात, दिवा लावतात, मागल्या दाराच्या फटीतनं उजेड दिसला की थोड्या वेळानं मी पाणी घेऊन मागनं जाते. पाण्याला गेलेल्या बाईकडं कुणी बघत न्हाई.' मी विचारलं, दिवा तोच लावतो हे तुला कसं कळलं? म्हणाली, 'दुसरं कोण लावणार? रागावलेत, बोलत न्हाईत, पर दिवा लावतात. त्या दिव्यावरच चाललंय माझं.'"

हरबा दिवळीतल्या विझल्या पणतीकडे पाहत राहिला. त्या पणतीवर त्याचेही चालले होते.

बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "आता माझे चार शब्द ऐक, मग दीक्षा मागायची तर माग. तिची मजुरी जास्त झाली म्हणून तुमच्या घरातलं काही गेलं नाही. तू दार सोडलंस, त्यानं गेलं. दारात उभं राहून वाट पाहणारा माणूस लहान, आणि बाहेरून येणारा मोठा, हा हिशेब तुझ्या डोक्यात पहिल्यापासून होता. भिकोबानं तो फक्त मोठ्यानं वाचून दाखवला. मग मला सांग, ती बाई वीस-बावीस वर्षं या दारात उभी राहिली, तुझी वाट पाहिली. तेव्हा ती तुझ्या लेखी लहान होती काय?"

हरबा खाली वाकून पायातला काटा काढू लागला.

"ज्या 'आलात'साठी तू झुरतोस तो शब्द तुझ्या मजुरीचा होता, असं तुला वाटलं. मजुरी गेली म्हणून शब्द गेला, असंही वाटलं. अरे, तो शब्द घरात जो असेल त्याचा असतो. घरात असणाऱ्यानं तो बाहेरून येणाऱ्याला द्यायचा. आज घरात तू असतोस. तो शब्द आता तुझ्यापाशी आहे, आणि तू तो मागत टेकाडावर जाऊन बसतोस." बाबांनी विहिरीच्या दिशेला काठी केली. "दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि घर तेवढं रिकामं ठेवलं. चंद्राक्का नसती तर तुम्ही दोघं अजून दोन बाजूंना बसून असता."

हरबा उठला आणि चंद्राक्काच्या ओट्यावर जाऊन त्याने तिच्यापाशी एक कोरडी वात मागितली. आपल्या हाताने पणतीत वात घातली, दिवा लावला. या घरात दिवा लावायची त्याची ती पहिलीच वेळ होती. आत जाऊन त्याने तांब्या शोधला. पाण्याचा तांब्या कुठे असतो हेही त्याला अंधारात चाचपडून पाहावे लागले. माठात तळाशी उरलेले पाणी त्याने तांब्यात ओतून घेतले.

मागल्या दारी पावले वाजली. त्याने कडी काढली. सगुणा घागर कडेवर घेऊन उभी होती. त्याला दारात पाहून ती दचकली आणि पदराखालचे गाठोडे तिने आणखी आत ओढले.

"इथनं नको," हरबा म्हणाला. "घागर दे माझ्यापाशी. पुढल्या दारानं ये."

"आता? लोक बसलेत ओट्यावर."

"बसू दे. ये."

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग घराला वळसा घालून निघाली. हरबाने घागर तिथेच ठेवली आणि घरातून पुढच्या दाराशी आला. चंद्राक्काच्या वाती वळायच्या थांबल्या. सगुणा पायरीशी आली, पणतीच्या उजेडात तिचे दमलेले तोंड दिसले, आणि तिचा पाय उंबऱ्याच्या आत पडायच्या आधी हरबा म्हणाला, "आलीस?"

सगुणेला हा शब्द आयुष्यात कोणी विचारला नव्हता. माहेरी आईने विचारला असेल तेवढाच. ती उंबऱ्यात थांबली, तिचे डोळे भरले, आणि तिने गाठोडे पदराबाहेर काढून खाली ठेवले.

"आले," ती म्हणाली. "अहो, पाठ लई दुखते."

"माहिती हाय मला," हरबा म्हणाला आणि त्याने तांब्या तिच्या पायांशी ठेवला. बाबा काठी टेकत केव्हा निघून गेले ते दोघांनाही कळले नाही.

पुढच्या दिवशी हरबा मठात आला तो सकाळी, वहाणा न्यायला. दीक्षेचे नाव त्याने काढले नाही आणि बाबांनीही विचारले नाही. संध्याकाळी त्याने माग बंद केला, दिवा लावला आणि दारात येऊन उभा राहिला. सगुणेला उशीर झाला होता. नाव दिसत नव्हती. रस्त्यावर कोणाची चाहूल लागली की त्याचा जीव वर येई, आणि माणूस दुसरेच निघाले की खाली जाई. इतकी वर्षे रोज या वेळेला या दारात हे कोणीतरी सोसले होते, आणि त्यावर आपण नुसता हुंकार देऊन आत जात होतो, हे त्याला तिथे उभे राहिल्यावर उमगले.

रस्त्याने भिकोबा चालला होता. त्याने सवयीने विचारले, "काय हरबा, दारात उभा? मालकिणीची वाट बघतोस वाटतं?"

"व्हय," हरबा म्हणाला. "अजून आली न्हाई बघ. तुला घाटावर नाव दिसली का?"